बादशहाचे पहिले दोन झुरके

अब्बा बिडी ओढायचे. अम्मीने हटकले की त्यांचे ठरलेले उत्तर असे, "अगं, हाजी लोक सांगतात, तिकडे मक्केतही हुक्का ओढतात." त्यावर अम्मी गप्प व्हायची. अब्बा गेले ते फुप्फुसाच्या आजाराने. पुढे मोगलांचा इतिहास वाचताना हाच युक्तिवाद मला थेट अकबराच्या दरबारात भेटला.

गोष्ट १६०४ च्या सुमाराची. इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या मुलीचा विवाह शहजादा दानियालशी ठरला होता. त्या कामी अकबराने असद बेग या सरदाराला विजापूरला पाठवले. गोव्याचे पोर्तुगीज शेजारी असल्याने अमेरिकेची तंबाखू दख्खनेत आधीच रुळू लागली होती. असद बेगने ती पहिल्यांदा पाहिली ती विजापुरात. बादशहासाठी त्याने थाटाची चिलीम तयार करवली. सुमात्रातल्या अचिनहून आलेली तीन हात लांब नळी, टोकांना जडावकाम आणि मीनाकारी, तोंडाशी येमेनी अकीक, पेटवायला सोन्याचे भांडे. आदिलशहाने भेट दिलेल्या पानाच्या बटव्यात तंबाखू भरली आणि सगळे चांदीच्या तबकात मांडून आग्र्याला पेश केले.

हे काय आहे, असे बादशहाने विचारले. उत्तर दिले खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका याने. ही तंबाखू, मक्का-मदिनेत सर्वांना माहीत आहे आणि आपल्यासाठी औषध म्हणून आणली आहे, असे तो म्हणाला. खान-ए-आझम स्वतः १५९३ मध्ये हजला गेला होता. त्याच्या शब्दाला वजन होते.

हकीम मात्र अडून बसला. तरी असद बेगचे मन राखायचे म्हणून अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने पुढे ओढू दिले नाही. मग वाद रंगला. आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही, जिची परीक्षा झालेली नाही, अशा वस्तूचे गुण सांगायचे कसे, हा हकिमाचा मुद्दा. प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती आणि फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत, हे असद बेगचे उत्तर. ते अकबराला आवडले. ग्रंथात नाही एवढ्यावरून दुसऱ्यांची चांगली गोष्ट नाकारू नये, असे त्याचे मत पडले. दरबारातल्या ख्रिस्ती पाद्रीला बोलावले, त्यानेही तंबाखूचे गुण गायले. हकीम काही बधला नाही.

हा सारा वृत्तांत खुद्द असद बेगनेच लिहून ठेवला आहे. आपण हा प्रसंग अकबराच्या मोकळ्या मनाचा दाखला म्हणून सांगतो आणि हकीम जुनाट ठरतो. मला आता तसे वाटत नाही. 'ग्रंथात नाही' हे कारण कच्चे होते, हे खरे. पण 'परीक्षा झालेली नाही' हे कारण पक्के होते. आणि दुसऱ्या बाजूला परीक्षा कुणी केली होती? एकाने मक्का-मदिनेचे नाव घेतले, दुसऱ्याने फिरंगी शहाण्यांचे. तंबाखूला दोन्हीकडून प्रशस्तिपत्र मिळाले, तपासली कुणीच नाही.

अकबराने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र मागून मागून नेली आणि व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. ज्या दानियालसाठी ही सफर झाली, तो १६०५ मध्ये दारूपायी मेला. जहाँगीरने १६१७ मध्ये प्रकृतीला अपायकारक म्हणून तंबाखूवर बंदी घातली. हाच जहाँगीर आपल्या आत्मचरित्रात दारू आणि अफूचे व्यसन कबूल करतो. अशा बादशहाची बंदी कोण पाळणार? इराणात शाह अब्बासनेही मनाई केली होती, पण जहाँगीरचा वकील खान आलम तिथे चिलमीवाचून राहू शकत नव्हता. शेवटी शाहला त्याला सवलत द्यावी लागली.

मुसलमान नव्याला विरोध करतात, असे आपल्याला ऐकवले जाते. इथे तर उलटे झाले. नवी वस्तू पवित्र शहरांच्या नावाने आत आली आणि तिला अडवणारा एकटा हकीम होता. नवे म्हणून नाकारू नये, हे अकबराचे म्हणणे मला मान्य आहे. पण मक्केत चालते म्हणून स्वीकारूही नये, एवढे त्यात कुणी जोडले असते तर बरे झाले असते. निदान अम्मीला गप्प बसावे लागले नसते.