काठीचे खरे शत्रू घरात असतात: गळाच्या काठीच्या जतनाचा इतिहास

१/२२
गळाची काठी मोडते ती मोठा मासा लागला म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. काठी घडवणाऱ्या जुन्या कारागिरांना मात्र माशापेक्षा घराची धास्ती अधिक होती. ओल, उष्णता, कीड आणि काठी कोपऱ्यात टेकवून ठेवण्याची सवय, हे तिचे चार शत्रू. या चौघांशी माणसाने पाच शतके दिलेल्या झुंजीचा हा धागा.

२/२२
गळाने मासे धरणे हा भारतात कधीकाळी राजविनोदही होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने त्यांना पकडण्याची रीत त्यात येते. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात मोडत होता.

३/२२
काठी कशी घडवावी आणि कशी वाळवावी, याची तपशीलवार छापील माहिती मात्र इंग्लंडमध्ये मिळते. १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरील एक छोटा प्रबंध छापला. ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीचे नाव त्याला परंपरेने चिकटले आहे; तीच लेखिका असल्याचा ठोस पुरावा मात्र नाही.

४/२२
या प्रबंधातील कृती धीराची परीक्षा पाहणारी आहे. २९ सप्टेंबर ते २ फेब्रुवारी या थंडीच्या काळात हेझल, विलो किंवा ॲस्पेन या झाडाची सरळ फांदी तोडायची. गरम भट्टीत शेकून ती सरळ करायची, चार आठवडे वाळू द्यायची, मग एका सरळ चौकोनी तुळईला दोरीने घट्ट बांधून तापल्या तारेने आतून पोकळ करायची. शेवटी घराच्या छपराखाली, धुरात, पूर्ण सुकेपर्यंत ठेवायची.

५/२२
छपराखालच्या धुराचा हा उपाय मराठी वाचकाला परका वाटू नये. चुलीच्या वर आढ्याला टांगलेली सुपे, टोपल्या आणि बांबूच्या काठ्या आपल्या खेड्यांतही धुरानेच टिकत. बांबूतील पिठूळ अंश हे भुंग्याचे अन्न. धूर आणि कोरडी ऊब असली की कीड सहसा वळत नाही. दोन दूरच्या देशांतील माणसे एकाच अनुभवातून एकाच उपायाशी पोहोचली होती.

६/२२
त्या इंग्रजी काठीची आणखी एक खुबी होती. पुढचा बारीक शेंडा मागच्या पोकळ दांड्यात सरकवून ठेवता येई. मग हाती उरे ती नुसती चालण्याची काठी. धनी कुठे निघाला आहे हे रस्त्यावरच्या कोणालाही कळू नये, हा प्रबंधकाराचा मिश्कील हेतू. त्यातून एक फायदा आपोआप होई. काठीचा सर्वांत नाजूक भाग प्रवासात आणि घरात सुरक्षित राही.

७/२२
१६५३ साली आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँगलर’ प्रसिद्ध झाला आणि पुढील आवृत्त्यांत वाढत गेला. त्यात काठीला तेलरंग देण्याची सविस्तर कृती आहे. शेंड्यात पाणी मुरले की तो जड होतो, त्याची चाल बिघडते आणि रंगाअभावी तो लवकर कुजतो, असे वॉल्टन बजावतो. एक चांगला शेंडा आपण वीस वर्षांहून अधिक काळ जपल्याचेही तो अभिमानाने नोंदवतो.

८/२२
वॉल्टनच्या निरीक्षणामागे साधे विज्ञान आहे. लाकूड आणि बांबू हवेतील ओल सतत शोषतात आणि सोडतात. ओल शिरली की तंतू फुगतात व मऊ पडतात. अशा अवस्थेत काठी वाकलेली राहिली आणि तशीच वाळली, तर तो बाक कायमचा होतो. रंग किंवा रोगण ओल पूर्णपणे थांबवत नाही. तिचा शिरकाव फक्त मंदावते. जतनाचे पुढचे सगळे प्रयत्न या एका मर्यादेभोवती फिरतात.

९/२२
लांब काठी घरात ठेवायची कुठे, हा दुसरा प्रश्न. उत्तर सोपे होते: तुकडे करा. आरंभी दोन तुकड्यांची टोके तिरकी तासून दोऱ्याने एकमेकांना बांधत. पुढे पितळी नळीचा सांधा आला. त्याला फेरूल म्हणतात. काठी सुटी करून आखूड जागेत ठेवता येऊ लागली. मात्र धातूच्या नळीत साचलेले पाणी लाकूड आतून कुजवू लागले. एका सोयीने नवा शत्रू घरात आणला.

१०/२२
एकोणिसाव्या शतकात साम्राज्यांच्या व्यापारमार्गांनी काठीचे रूप पालटले. दक्षिण अमेरिकेतील गयानाहून ग्रीनहार्ट हे जड, चिवट लाकूड आले. भारतातून, कलकत्त्याच्या बंदरातून, बांबू जाऊ लागला. पाश्चात्त्य कारागीर त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. त्यावरचे भाजल्याचे काळे डाग हीच त्याची ओळख. आज नामांकित ठरलेल्या चिनी बांबूच्या आधी उत्तम काठ्यांची मदार या भारतीय बांबूवर होती.

११/२२
अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप हा बंदुका आणि व्हायोलिन घडवणारा कारागीर होता. १८४०च्या दशकात त्याने बांबू उभा चिरला, बाहेरच्या चिवट सालीच्या पट्ट्या काढल्या आणि त्या सरसाने जोडून भरीव काठी बनवली. मेन राज्यातील बँगोरच्या हायरम लेनर्डने १८७०च्या दशकात सहा पट्ट्यांची काठी यंत्राच्या साहाय्याने घडवून तिला बाजारपेठ मिळवून दिली.

१२/२२
सहा त्रिकोणी पट्ट्यांची ही षट्कोनी काठी हलकी, लवचिक आणि देखणी होती. पण तिचा प्राण सरसात होता. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उष्णतेने आणि ओलीने सुटतो. ओली काठी बंद जागी राहिली की पट्ट्या उकलू लागत. म्हणूनच काठीवर ठरावीक अंतराने रेशमी धाग्याची वेष्टने आणि त्यांवर रोगणाचे थर आले. डोळ्यांना नक्षी वाटणारे ते वेष्टन मुळात पट्ट्यांना धरून ठेवणारे बंधन होते.

१३/२२
फेरूलमधून पाणी आत शिरू नये यासाठी लेनर्डने त्याच दशकात सुधारित सांध्याचे पेटंट घेतले. १८७२ साली इंग्लंडच्या ॲनिक गावी स्थापन झालेल्या हार्डी ब्रदर्सनेही चिरलेल्या बांबूच्या काठ्या जगभर पोहोचवल्या. काठी महाग झाली, तशी ती ठेवण्याची रीतही शिस्तबद्ध झाली. तुकड्यागणिक कप्पे शिवलेली कापडी पिशवी, बांधायला नाड्या आणि बाहेरून कडक नळी, असा सरंजाम रूढ झाला.

१४/२२
या पिशवीची नाडी महत्त्वाची. तिने काठी खुंटीला सरळ टांगता येई आणि तिचे वजन तिला खाली, सरळ रेषेत ओढी. उलट कोपऱ्यात तिरपी टेकवलेली काठी स्वतःच्या वजनाने महिनोन्महिने वाकत राहते. भिंतीतील दोन खिळ्यांवर आडवी ठेवली तर मध्ये झोळ पडतो. एका दिवसात काहीच दिसत नाही. एका पावसाळ्यानंतर बाक दिसतो.

१५/२२
कडक नळीने मात्र फसवे समाधान दिले. धक्क्यापासून ती उत्तम रक्षण करते. पण ओली काठी पिशवीत घालून नळीचे झाकण घट्ट लावले, तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही. रोगणावर फोड येतात, कापडावर बुरशी धरते, धातूवर गंज चढतो. संरक्षणासाठी घेतलेली नळीच मग काठीच्या नाशाला कारण होते. आधी वाळवणे, मग झाकणे, हा क्रम चुकला की संपले.

१६/२२
जपानने याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले. एदो काळात तिथे बांबूच्या काठ्यांची समृद्ध कारागिरी उभी राहिली. बांबू न चिरता अख्खाच घेत, विस्तवावर पुनःपुन्हा शेकून सरळ करत आणि उरुशी या झाडाच्या चिकाचे लाखेसारखे थर चढवत. अनेक काठ्यांचे तुकडे एकमेकांच्या पोकळीत सामावत. बाक आलेली काठी कारागिराकडे परत जाई आणि पुन्हा विस्तवावर सरळ होई.

१७/२२
विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडोंग भागातील बांबूने कलकत्ता केनला मागे सारले. व्यापारात त्याचे नाव ‘टोन्किन केन’. टोन्किन खरे तर व्हिएतनामच्या उत्तर भागाचे नाव, म्हणजे नावातच चूक. कँटनच्या लिंगनान विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्ल्युअर यांनी १९३१ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला ‘अमाबिलिस’, म्हणजे प्रेम करण्याजोगी, असे नाव दिले.

१८/२२
डिसेंबर १९५०. कोरियन युद्धात चीन उतरला आणि अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. हा निर्बंध १९७१पर्यंत टिकला. टोन्किन बांबूची आवक थांबली आणि काठीच्या कारागिरांपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या गोदामात बांबूचा जुना, कोरडा, किडीपासून जपलेला साठा होता, त्यांचेच काम पुढे चालू शकले. काठी नीट ठेवण्याचा घरगुती प्रश्न आता धंद्याच्या जगण्यामरणाचा झाला होता.

१९/२२
तोवर पर्याय दाराशी आला होता. १९४०च्या दशकात ऑर्व्हिस कंपनीच्या वेस जॉर्डन यांनी बांबूत बेकेलाइट राळ मुरवून ओलीला अटकाव केला. त्याच दशकाच्या अखेरीस काचतंतूची काठी बाजारात आली. ती कुजत नव्हती, तिला भुंगा लागत नव्हता आणि ती स्वस्तही होती. निर्बंधाच्या वीस वर्षांत सामान्य ग्राहक तिच्याकडे वळला. बांबूची काठी मोजक्या रसिकांपुरती उरली.

२०/२२
१९६०च्या दशकात ब्रिटनमधील फार्नबरोच्या शाही विमान संशोधन संस्थेत मजबूत कार्बन तंतू बनवण्याची पद्धत विकसित झाली. विमानांसाठी शोधलेले हे द्रव्य १९७०च्या दशकात काठीत आले. ओल आणि कीड हे शत्रू संपले. पण कार्बनची नळी पातळ असते आणि तिला आघात सोसत नाही. दारात चेमटलेली किंवा फरशीवर आपटलेली काठी वरून शाबूत दिसते आणि पुढे ऐन ताणाच्या क्षणी तिथेच तुटते. घर पुन्हा दोषी ठरले.

२१/२२
पाच शतकांच्या या अनुभवाचे सार आजही लागू आहे. काठी पुसून सावलीत पूर्ण वाळवावी. तुकडे सुटे करूनच ठेवावी. जोडलेले सांधे काही महिन्यांत अडकून बसतात. दोरीचा ताण सैल करावा, गळ काढून ठेवावा. कापडी पिशवीत घालून उभी टांगावी किंवा सपाट फळीवर पूर्ण आधाराने निजवावी. तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा उन्हातल्या मोटारीत ठेवू नये. तिच्यावर दुसरे सामान रचू नये. कोकणच्या पावसाळ्यात नळीचे झाकण अधूनमधून उघडून काठीला वारा द्यावा.

२२/२२
घरात आजोबांच्या काळातील बांबूची काठी असेल, तर तिला घाईने नवे रोगण लावू नये, अडकलेला सांधा पिरगाळू नये. जुने रेशीम, सांध्यावरची कारागिराची खूण, बांबूवरचे भाजल्याचे डाग यांवरून तिचा काळ आणि देश ओळखता येतो. अमेरिकेत व्हर्मांट राज्यातील मँचेस्टर येथे अशा काठ्यांचे एक संग्रहालय १९६८पासून आहे. तेथवर पोहोचलेल्या प्रत्येक काठीमागे कोणीतरी, कधीतरी, ती कोरडी करून खुंटीला टांगून ठेवली होती.