भेट म्हणजे बॅकअप

दिवाळी तोंडावर आली की आमच्या भुकूमच्या सोसायटीत सुक्यामेव्याचे तेच ते डबे या घरातून त्या घरात फिरायला लागतात. काही डबे पूर्ण फेरी मारून मूळ मालकाकडे परत येत असावेत असा मला दाट संशय आहे! पण प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये एखादा तरी 'तसला' प्राणी असतो. कधीच्या काळच्या रेकॉर्डी आणि कुणीच न पाहिलेले सिनेमे हे त्याचं वेड. त्याला काय द्यायचं? लिंक पाठवली तर ती त्याने आधीच पाहिलेली असते.

मंडळी, याचं उत्तर इतिहासात आहे.

१९७७ साली नासाची दोन व्हॉयेजर यानं निघाली तेव्हा कार्ल सेगनच्या समितीने त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली. अनोळखी परग्रहवासीयांना पृथ्वीकडून भेट. त्यात २७ संगीतरचना. भारताची एकच: केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. सुचवली होती रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने. अडचण अशी की रेकॉर्ड बाजारातून केव्हाच गायब झालेली. अॅन ड्रुयनने न्यूयॉर्क पालथं घातलं, आणि शेवटी एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन प्रती सापडल्या. त्या खोक्याची कुणी रद्दी केली असती तर? व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या वेशीबाहेर पोचलाय.

दुसरी गोष्ट तर अस्सल पुण्याची. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर १९७६ मध्ये सिनेमा झाला. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज घेतलं. दिग्दर्शक एक नाही, चार: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना. थिएटरात तो कुणी पाहिला असेल तर हात वर करा! पण त्याची एक प्रिंट बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने नीट जपली, आणि पुढे तिच्यावरूनच डिजिटल आवृत्ती तयार झाली. म्हणजे पेशवाईतला पुण्याचा कोतवाल वाचला तो जर्मनीत.

तिसरी गोष्ट घराजवळची. आमच्याकडून चांदणी चौक ओलांडून कोथरूडमार्गे लॉ कॉलेज रोडला गेलं की राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लागतं. स्थापना १९६४. पी. के. नायर नावाच्या माणसाने तिथे आयुष्य घातलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं आज बघायला मिळतं ते अशा खटाटोपामुळे. (काही अभ्यासकांच्या मते ही रिळं १९१३ ची नसून १९१७ च्या नव्या आवृत्तीची आहेत. 'तसल्या' मित्राला हे नक्की सांगा, संध्याकाळ मजेत जाईल.) आणि इतकं जपूनही २००३ च्या जानेवारीत इथल्याच जुन्या प्रभातच्या आवारात आग लागली, आणि नायट्रेटवरच्या कितीतरी फिल्म जळून गेल्या.

आमच्या धंद्यात म्हणतात, एकच कॉपी असेल तर कॉपी नाहीच असं समजा. कलेलाही तेच लागू. गाजलेलं आपोआप टिकतं, लाखो प्रती असतात. आडवाटेचं टिकतं ते कुणाच्या तरी घरी, दुकानात, दुसऱ्या देशात एक जादा प्रत पडून असते म्हणून. स्ट्रीमिंगवरचं आज आहे, उद्या करार संपला की नाही. तेव्हा अशा माणसाला भेट देताना 'काय नवीन मिळेल' हा प्रश्नच सोडा. दुसरी प्रत कशाची तयार करता येईल, ते बघा.

उदाहरणार्थ, आजोबांच्या माळ्यावरच्या ७८ च्या रेकॉर्डी डिजिटाइझ करून पेनड्राइव्हवर द्या, आणि त्यातली एक मूळ तबकडीही द्या. ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९३०-४० च्या दशकातल्या रेकॉर्डींच्या ध्वनिमुद्रणाची तरी चिंता नको. मात्र सुई बघा! एलपीची सुई ७८ च्या खाचेला बारीक पडते, साधारण तिप्पट रुंद लागते. नासानेसुद्धा परग्रहवासीयांकडे प्लेअर असेल असं गृहीत धरलं नाही. तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिज पाठवली, वर वाजवायच्या कृतीची चित्रंही कोरली. बजेट जास्त असेल तर व्हॉयेजरच्या त्याच संगीताचा संच २०१७ मध्ये एलपीवर निघालाय, जुन्यात मिळतोय का बघा. आणि बजेट शून्य असेल तर ज्याला यातलं काहीच माहीत नाही अशा एखाद्याला घरी बोलवा आणि मणी कौलचा १९८२ चा 'ध्रुपद' सोबत बसून बघा. डागर बंधूंचं गाणं-वाजवणं आणि शेवटचा मुंबईच्या छपरांवरून जाणारा लांबच लांब शॉट. बघणारा एक माणूस वाढला, म्हणजेही एक प्रत वाढलीच की.

आणि काजूकतलीही न्या सोबत. दर्दी झाला तरी माणूसच आहे तो.