मेंढीतील बहुप्रसवता

मेंढीतील बहुप्रसवता : एका वेतात एकाहून अधिक कोकरे होण्याचा गुण. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पठारावरील दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. धनगरांचे उत्पन्न मुख्यत्वे कोकरांच्या विक्रीवर चालते. तथापि केवळ जुळी देणाऱ्या मेंढ्या निवडून हा गुण फार मंद गतीने वाढतो, कारण तो सामान्यतः अनेक जीनांवर आणि त्याहूनही अधिक आहार व ऋतुमानावर अवलंबून असतो.

याला ठळक अपवाद ऑस्ट्रेलियात आढळला. न्यू साउथ वेल्समधील ‘बूरूला’ या मेंढवाडीत सीअर्स बंधूंनी अनेक कोकरे देणाऱ्या मेरिनो मेंढ्या जोपासल्या होत्या. १९५८ पासून तेथील शासकीय संशोधन संघटनेने त्यांचा अभ्यास सुरू केला. हा गुण एकाच प्रभावी जीनामुळे उतरतो, असे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दिसून आले. या जीनास पुढे ‘फेकबी’ हे नाव रूढ झाले. सहाव्या गुणसूत्रावरील या जीनातील नेमके उत्परिवर्तन २००१ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे शोधले. त्यामुळे एका ग्राही प्रथिनात २४९ व्या स्थानी ग्लुटामिनाऐवजी आर्जिनीन हे ॲमिनो अम्ल येते. अंडपुटके लहान असतानाच पक्व होतात व एकाच वेळी अनेक अंडी बाहेर पडतात.

हा जीन मुळात बंगालचा असावा. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. सुंदरबनातील गारोल ही जेमतेम १०–१५ किग्रॅ. वजनाची मेंढी जुळी-तिळी देते; तिच्यात हेच उत्परिवर्तन असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) गारोल मेंढ्या आणून दख्खनीशी त्यांचा संकर केला. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी सुरू केलेल्या या कामाला १९९८ पासून ऑस्ट्रेलियाचे साहाय्य लाभले आणि चंदा निंबकर यांनी ते पुढे नेले. गारोलचा जीन हवा, पण तिचा खुजेपणा नको, यासाठी संकरित मेंढ्यांचा पुनःपुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी संकर करावा लागला. नराला वेत नाही. म्हणून त्याच्यात जीन आहे की नाही हे दिसण्यावरून कळत नाही. येथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डीएनए चाचणी निर्णायक ठरली. नवजात कोकराच्या रक्तावरूनही निवड शक्य झाली. यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध झाला. जीनाच्या दोन प्रती असलेला नर साध्या मेंढीस दिला, की प्रत्येक कोकरात एक प्रत उतरते.

दोन प्रती असलेल्या मेंढीला अधिक कोकरे होतात. परंतु तिळ्यांना पुरेल इतके दूध चरणाऱ्या कळपातील मेंढीस क्वचितच असते. त्यामुळे धनगरांच्या कळपांत एकच प्रत असलेल्या मेंढ्या असाव्यात, हे फलटणचे धोरण प्रस्तुत लेखकास सर्वांत सुज्ञ वाटते. अशी मेंढी जुळी देते, पण गाभणकाळाच्या अखेरीस व व्याल्यावर तिला पूरक खुराक द्यावा लागतो. दुष्काळी वर्षी तो मेंढपाळास परवडेलच असे नाही.