औशातला 'हमिंगबर्ड'

मागच्या भागानंतर औशातूनच दोघा-तिघांनी व्हिडिओ पाठवले. जास्वंदीवर चिमुकला, निळा-जांभळा चमकणारा पक्षी, आणि खाली लिहिलेलं, 'आपल्याकडे हमिंगबर्ड आला!' स्पष्टच सांगतो, तो हमिंगबर्ड नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतो. हा आपला शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांचं जवळचं नातं नाही. दोन टीमनी एकमेकांचा कोड न बघता सारखंच ॲप बनवावं, तसा प्रकार आहे.

मग हमिंगबर्डचा एवढा गाजावाजा कधीपासून? १८५१ मध्ये जॉन गूल्ड यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचं प्रदर्शन मांडलं. लोकांची झुंबड उडाली, राणी व्हिक्टोरियासुद्धा येऊन गेली. गंमत बघा, जिवंत हमिंगबर्ड गूल्डनी पहिल्यांदा पाहिला तो १८५७ मध्ये, फिलाडेल्फियाला! तोवर त्यांचं सगळं काम मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवर.

असंच एक कातडं १८३५ मध्ये पेरूत अँड्र्यू मॅथ्यूज यांनी लंडनच्या जॉर्ज लॉडिजेस यांच्यासाठी मिळवलं होतं. त्यांच्याच नावावरून त्या पक्ष्याला लोडिजेसिया म्हणतात. उत्तर पेरूत, अँडीजमधल्या उत्कुबांबा नदीच्या खोऱ्याकडे, दोन हजार मीटरच्या वर, जंगलाच्या कडेनं तो राहतो. नराच्या शेपटीत पिसं चारच. त्यातली दोन तारेसारखी लांब, एकमेकींना छेद देऊन जाणारी, टोकाला जांभळट-निळी चकती. मादीसमोर हवेत तरंगत तो या चकत्या नाचवतो. आता कातड्यावरून हे कसं कळणार?

आपला शिंजीर बघायला मात्र पेरूला जायची गरज नाही. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून, वेळ पडली तर मागे उडत मध पितो. शिंजीर थोडासा फडफडतो, पण बहुतेक वेळा फांदीवर बसूनच पितो. ओळख पटवायला एवढं पुरे. जांभळ्या शिंजीराच्या नराची झळाळी विणीनंतर जाते. मादीसारखा पिवळसर दिसतो, फक्त गळ्यावरून पोटाकडे एक काळी रेघ उरते. मग लोकांना तो वेगळाच पक्षी वाटतो.

आणि त्याचं घरटं? कोळ्याची जाळी, गवत, सालपटं यांची लोंबती पिशवी. ओसरीच्या वायरला, कपड्यांच्या दोरीला. लांबून अगदी केरच वाटतो. उन्हाळ्यात त्यात अंडी असतात, आणि आपल्याकडे पाडव्याची झाडलोट नेमकी तेव्हाच. यंदा जळमटं काढताना त्या पिशवीला बाजूनं भोक आहे का, एवढं आधी बघा.