महाशीर: नाव आधी की बोटुकली आधी?

दुर्मीळ प्राणी बंदिवासात वाढवले आणि पुन्हा निसर्गात सोडले, अशी बातमी वाचली की आपल्याला बरं वाटतं. वाटायलाही हवं. पण जो वाढवला तो प्राणी नेमका कोण, हे वाढवणाऱ्याला आणि सोडणाऱ्याला ठाऊक होतं का? आज मी इतिहासाला एवढाच प्रश्न विचारणार आहे, आणि त्यासाठी रामवाडीहून फार लांब जायला नको. रोह्याला जाऊन कुंडलिका बघा.

ऐन उन्हाळ्यात कुंडलिका वाहते, कोलाडला राफ्टिंग चालतं, ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. ते पाणी मुळशी धरणातलं, म्हणजे मूळचं मुळा नदीचं. भिऱ्याचं वीजघर 1927 चं. तेव्हापासून घाटावरची एक नदी कोकणात उतरते आहे. आणि याच मुळेच्या खालच्या अंगाला, पुण्याजवळ मुळा-मुठेत, आपल्या गोष्टीतला मासा पहिल्यांदा शास्त्राच्या वहीत चढला.

चढवणारा माणूस कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम, पण पक्षी, मासे, जे दिसेल त्याची तो नोंद करायचा. 1839 मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं दिली. मला त्याचं एक फार आवडतं. लोकांच्या तोंडची नावं त्याने लॅटिन नावांत तशीच बसवली. खुद्री, मुसल्ला, कोलुस, फुलंगी. आपण ज्याला खडशी किंवा महाशीर म्हणतो, तो शास्त्रात आजही ‘टॉर खुद्री’ आहे.

पुढे या नावांचा गुंता झाला. मलबारच्या महाशीराला कोणी खुद्रीची उपजात म्हणे, कोणी स्वतंत्र जात. ‘मुसल्ला’ची तर कमालच. साइक्सला तो शिरूरजवळ घोड नदीत मिळाला होता. पण पुढे काही अभ्यासकांनी ते नाव थेट कावेरीतल्या, पाठीला कुबड असलेल्या अजस्र महाशीराला लावलं. 1946 मध्ये कर्नाटकातल्या कबिनी नदीत 120 पौंडांचा महाशीर गळाला लागला होता, तो याच कुबडवाल्यांपैकी. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांमध्ये हा मासा जगभर प्रसिद्ध. नाव मात्र उसनं, आणि तेही चुकीचं. घोड नदीचा मुसल्ला मुळात महाशीरच नाही, वेगळ्याच कुळीतला मासा आहे, हे गेल्या दहा-बारा वर्षांत स्पष्ट झालं.

आता लोणावळ्याला येऊ. महाशीर पावसाळ्यात नदीतून वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. धरण आलं की वाट बंद. ज्या टाटांच्या वीज कंपनीने इथली धरणं बांधली, तिनेच 1970 च्या सुमारास वळवणला महाशीराचं बीज तयार करायला घेतलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही यातली महत्त्वाची नावं. मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य घालायचं. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं सुरुवातीचे दिवस कोपऱ्यात डोकं खुपसून, नुसती शेपटी हलवत पडून राहतात. त्या काळात त्यांना जपणं हेच खरं कसब.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा शोध साधा होता: ओला कापूस. फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवली तर पाण्याच्या पिंपांशिवाय विमानाने पाठवता येतात, हे या दोघांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलं. आता लोणावळ्याचा खुद्री देशात कुठेही पोचू शकत होता. पोचलाही. त्यातलाच एक मुक्काम कावेरी.

कावेरीत काय झालं, याचा पुरावा गळवाल्यांच्याच वह्यांतून आला. अभ्यासकांनी 1998 ते 2012 च्या नोंदी तपासल्या. निळसर परांचा खुद्री वाढत गेला, कुबडवाला घटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणं होतीच, सगळं खापर बोटुकल्यांवर फोडता येणार नाही. पण ‘महाशीर सोडला’ असं म्हणत आपण पाहुणा सोडला होता, आणि घरच्याचं नावही आपल्याकडे नव्हतं.

हे माशांतच घडतं असं नाही. केनियाच्या डोंगरात तीन शिंगांचा एक सरडगुहिरा आहे, जॅक्सनचा. आपला सरडगुहिरा अंडी घालतो, हा थेट पिल्लांना जन्म देतो. 1972 मध्ये हवाईतल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने असे काही डझन मागवले. प्रवासाने अशक्त झाले म्हणून बागेत मोकळे सोडले. ते तिथल्या ओल्या डोंगरांत पसरले. त्यांच्या उपजातीला शास्त्रीय नाव मिळालं 1988 मध्ये! सोळा वर्षं एक बिननावाचा प्राणी परक्या बेटावर वाढत होता.

कावेरीच्या कुबडवाल्याला आणखी थांबावं लागलं. 2018 मध्ये तमिळनाडूतल्या मोयार नदीतले नमुने तपासून तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं ठरलं. त्या अभ्यासात पुण्याच्या आयसरचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत तो थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून दाखल झाला. उलट खुद्री, जो 2011 च्या मूल्यमापनात संकटग्रस्त होता, तो आता फारशी चिंता नसलेल्यांत गेला आहे. दोन्ही बातम्या एकाच कहाणीतल्या आहेत, पण आपल्याकडे गाजली ती दुसरी.

लोणावळ्याच्या मंडळींना दोष देणं मला पटत नाही. त्यांनी हातातला मासा ओळखला आणि वाचवला. चुकलं ते पुढे, ज्यांनी ‘महाशीर आहे ना, मग द्या’ म्हणून मागून घेतला त्यांचं.

आपल्या जिल्ह्याशी याचा संबंध आहे तो असा. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह. तिथे महाशीर आहेत, त्यांना कोणी पकडत नाही, लोक चुरमुरे टाकतात. ही पश्चिमेकडे वाहणारी नदी, तिचा मुळा-मुठेशी संबंध नाही. उद्या कोणी चांगल्या हेतूने तिथे बाहेरची बोटुकली सोडायला निघालं, तर आधी डोहातल्या माशाची मापं, खवले, जनुकं तपासून घ्या, एवढं तरी आपण म्हणू शकतो. एकदा संकर झाला की मग तपासायला मूळचा मासा उरत नाही.

माझं बोलून झालं. आता प्रश्न घेऊ. पण त्याआधी महाडकडची जी मंडळी आली आहेत, त्यांच्या घरात जुनी माणसं या माशाला काय म्हणायची, ते मला ऐकायचं आहे.