पडद्यासाठी लिहिणारा कादंबरीकार : रिचर्ड प्राइस आणि अमेरिकी पटकथालेखनाचा व्यवसाय

1927 नंतर बोलपट रुजू लागला तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओंना चटपटीत संवाद लिहिणाऱ्यांची निकड भासू लागली आणि न्यूयॉर्कमधले नाटककार, पत्रकार व कादंबरीकार कॅलिफोर्नियाची वाट धरू लागले. पाठोपाठ आलेल्या महामंदीने पुस्तकांचा बाजार बसवल्यामुळे ही वाट अनेकांच्या बाबतीत हौसेची न राहता पोटापाण्याची झाली. विल्यम फॉकनर 1932 मध्ये एमजीएम स्टुडिओत आठवड्याला 500 डॉलरवर रुजू झाले, एफ. स्कॉट फिट्झेराल्ड 1937 मध्ये त्याच स्टुडिओत आठवड्याला 1,000 डॉलरवर आले आणि करार वाढल्यावर त्यांना 1,250 डॉलर मिळू लागले. मात्र तेवढ्या अवधीत त्यांचे नाव पडद्यावर झळकले ते फक्त एकदा, 1938 च्या ‘थ्री कॉम्रेड्स’च्या श्रेयनामावलीत, आणि तेही त्यांच्या संवादांवर निर्मात्याने मनसोक्त हात फिरवल्यानंतर. 1940 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा हॉलिवूडवरची त्यांची कादंबरी अपुरीच राहिली होती.

अशा उदाहरणांवरून सिनेमा चांगल्या कादंबरीकाराची माती करतो, असे मत अमेरिकी साहित्यविश्वात रूढ झाले आणि ते पुढे अनेक दशके टिकले. त्यात तथ्य होते, पण दोष ज्याच्या माथी मारला गेला त्याचा तो नव्हता. लेखकाला नाडत होत्या त्या नोकरीच्या अटी. पटकथा ही पगारी कामगिरी मानली जात असल्याने लिहून झालेल्या मजकुरावर मालकी स्टुडिओची असे, एकाच कथेवर अनेक लेखकांना एकमेकांच्या नकळत जुंपले जाई आणि शेवटी नाव कोणाचे लावायचे हेही मालकच ठरवत. या व्यवस्थेविरुद्ध 1933 मध्ये स्क्रीन रायटर्स गिल्ड ही लेखकांची संघटना उभी राहिली आणि 1954 मध्ये तिच्यातूनच आजची रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका आकाराला आली. श्रेयाचा निर्णय मालकांच्या हातून काढून संघटनेच्या लवादाकडे, म्हणजे सर्व मसुदे वाचून वाटा ठरवणाऱ्या सहव्यावसायिकांकडे, सोपवला जाणे हा तिचा मोठाच विजय होता. 1960 च्या संपातून लेखकांना निवृत्तिवेतन व आरोग्य निधी मिळाला. शिवाय चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला की लेखकाला पुन्हा काही रक्कम मिळण्याची प्रथा, ज्याला या व्यवसायात ‘रेसिड्युअल’ म्हणतात, तीही चित्रपटांच्या बाबतीत याच संपाने रूढ केली. हे सर्व लक्षात घेतल्याशिवाय रिचर्ड प्राइस यांच्यासारखी कारकीर्द कशी शक्य झाली याचा उलगडा होत नाही.

प्राइस यांचा जन्म 1949 चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. पार्कसाइड हाउसेस या सरकारी वसाहतीत ते वाढले. अशा वसाहतींना अमेरिकेत ‘प्रोजेक्ट्स’ म्हणतात. नगरपालिकेच्या गृहनिर्माण संस्थेने कमी भाड्याने कष्टकरी कुटुंबांसाठी बांधलेल्या विटांच्या उंच इमारतींचा तो समूह असतो. या वसाहतीतल्या टोळक्यांच्या पौगंडावस्थेवर बेतलेली ‘द वाँडरर्स’ ही कादंबरी 1974 मध्ये, लेखकाच्या पंचविशीच्या आतच, प्रसिद्ध झाली. 1976 मध्ये ‘ब्लडब्रदर्स’ आली आणि 1970 च्या दशकातच या दोन्ही पुस्तकांवर चित्रपट निघाले, पण त्यांच्या पटकथा इतरांनी लिहिल्या होत्या. 1983 च्या ‘द ब्रेक्स’पर्यंत चार कादंबऱ्या झाल्या आणि त्याबरोबर स्वतःच्या तारुण्याचे भांडवलही संपले. आत्मचरित्राच्या जवळून लिहिणाऱ्या लेखकावर ही वेळ पुढेमागे येतेच.

या कोंडीतून प्राइस पटकथेकडे वळले. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘द कलर ऑफ मनी’साठी (1986) त्यांनी वॉल्टर टेव्हिस यांच्या कादंबरीतील मध्यवर्ती बिलियर्डपटू तेवढा ठेवला, बाकी कथानक बहुतांशी बाजूला सारून नवे रचले, आणि या कामाबद्दल त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. मात्र त्यांच्या वाङ्मयीन आयुष्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरला तो ‘सी ऑफ लव्ह’ (1989). हा पोलिसी चित्रपट लिहायचा तर पोलिसांचे जगणे पाहणे भाग होते, म्हणून प्राइस न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीच्या पोलिसांबरोबर गस्तीवर फिरू लागले. या फिरतीत ते ज्या वसाहतींत शिरले त्यांचा साचा त्यांच्या बालपणीच्या घरासारखाच होता, पण आतले जीवन क्रॅक या स्वस्त कोकेनने पार उलटेपालटे केले होते. एकेकाळी जिथून कुटुंबे वर चढत होती तिथे आता मुले अडकून पडली होती. पटकथेच्या कामासाठी घेतलेल्या या हेलपाट्यांतून, आणि नंतर पोलीस व विक्रेते अशा दोन्ही बाजूंच्या माणसांत घालवलेल्या दीर्घ काळातून, ‘क्लॉकर्स’ (1992) ही सुमारे 600 पानांची कादंबरी जन्माला आली.

क्लॉकर्स म्हणजे चोवीस तास चौकाचौकात उभे राहून क्रॅकच्या पुड्या विकणारी पोरे. डेम्प्सी नावाच्या काल्पनिक शहरात अशा पोरांची टोळी सांभाळणारा एकोणीस वर्षांचा स्ट्राइक आणि रोको क्लाइन हा खुनांचा तपास करणारा पोलीस अधिकारी यांच्यामध्ये कथा आळीपाळीने फिरते. स्ट्राइक वसाहतीतल्या बाकाच्या पाठीवर बसून चौफेर नजर ठेवतो. पोटातल्या अल्सरची आग शमवण्यासाठी व्हॅनिलाचे गोड पेय घोटाघोटाने पीत राहतो. जो माल विकतो त्याला स्वतः कधी शिवत नाही. खुनाचा कबुलीजबाब त्याच्या सरळमार्गी, दोन नोकऱ्या करणाऱ्या भावाने दिल्यावर रोकोला तो पटत नाही आणि सगळा तपास जणू उलट्या दिशेने चालतो. येथे पटकथेची शिस्त प्रसंगाच्या बांधणीत दिसते: प्रसंग उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि माहिती भांडणातून बाहेर येते. पण त्या बाकाभोवतीचे व्यवहार, मालाचे हिशेब, पोलिसांच्या अंगझडतीतील रोजचा नाटकीपणा यांचे जे सविस्तर, संयमी वर्णन आहे ते कोणत्याही पटकथेत मावणारे नाही. प्राइस यांच्या संवादलेखनाची स्तुती पुष्कळ झाली आहे, तुलनेने या वर्णनशक्तीकडे दुर्लक्ष झाले, आणि ते अन्यायाचे आहे.

‘क्लॉकर्स’चा चित्रपट होताना व्यवसायाचे जुने नियम पुन्हा दिसले. स्कोर्सेसी दिग्दर्शन करणार होते, ते ‘कसिनो’कडे वळल्यावर स्पाइक ली यांनी सूत्रे हाती घेतली, कथा ब्रुकलिनला हलवली आणि पोलिसाऐवजी स्ट्राइकला केंद्रस्थानी आणले. 1995 च्या या चित्रपटाच्या पटकथेचे श्रेय प्राइस आणि ली या दोघांना आहे. फॉकनर-फिट्झेराल्ड यांच्या काळापासून बदलले होते ते एवढेच, पण ते थोडे नव्हते: मूळ कादंबरी अबाधित होती, नाव हक्काने लागत होते आणि ‘रॅन्सम’सारख्या (1996) चित्रपटांच्या मोबदल्यावर पुढच्या कादंबरीसाठी काही वर्षांची सवड काढता येत होती. ‘फ्रीडमलँड’ (1998), ‘समॅरिटन’ (2003) आणि मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडवरची ‘लश लाइफ’ (2008) ही त्या सवडीची फळे होत.

दरम्यान केबल दूरचित्रवाणीने कादंबरीकाराला नवे दार उघडले. डेव्हिड सायमन यांची बाल्टिमोर शहरावरची ‘द वायर’ ही एचबीओ मालिका (2002 ते 2008) ‘क्लॉकर्स’चे ऋण उघडपणे मानणारी होती, आणि प्राइस यांच्यासह जॉर्ज पेलेकानोस व डेनिस लेहेन हे कादंबरीकार तिच्या लेखकवर्गात दाखल झाले. अशा मालिकेचे लेखन ‘रायटर्स रूम’मध्ये होते, तेथे सर्व लेखक एकत्र बसून पूर्ण पर्वाचा आराखडा ठरवतात आणि मग एकेक भाग एकेकाच्या वाट्याला येतो. तिसऱ्या पर्वापासून प्राइस तेथे लिहू लागले. त्याआधी दुसऱ्या पर्वात ते एका छोट्या भूमिकेत दिसले होते: तुरुंगातील कैद्यांना फिट्झेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ शिकवणाऱ्या शिक्षकाची ती भूमिका होती. ज्या लेखकाचे नाव हॉलिवूडने चिरडलेल्या प्रतिभेचे उदाहरण म्हणून घेतले जाई, त्याच्या पुस्तकावरची चर्चा एक पटकथाकार-कादंबरीकार चालवत होता, आणि मालिकेतील एका तरुण कैद्याला त्या पुस्तकात स्वतःचे आयुष्य सापडत होते.

स्टीव्हन झेलियन यांच्यासह लिहिलेली ‘द नाइट ऑफ’ (2016) ही मालिका बीबीसीच्या ‘क्रिमिनल जस्टिस’वर आधारित असली तरी क्वीन्समधील पाकिस्तानी टॅक्सीवाल्याचा मुलगा नायक केल्यामुळे ती सर्वस्वी न्यूयॉर्कची झाली. हॅरी ब्रँट या टोपणनावाने झटपट लिहायला घेतलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हाइट्स’ या कादंबरीनेही वर्षे खाल्लीच, आणि त्यानंतरची ‘लाझरस मॅन’ येण्यास 2024 उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी लेखक संघटनेने 148 दिवस संप करून मालिकांच्या लेखकवर्गाची किमान संख्या करारात घालून घेतली होती. ‘लाझरस मॅन’मध्ये ईस्ट हार्लेममधली एक जुनी इमारत कोसळते आणि ढिगाऱ्यातून वाचलेला एक माणूस, एक पोलीस अधिकारी, एक अंत्यविधी-व्यावसायिक व एक होतकरू छायाचित्रकार यांची आयुष्ये तिच्याभोवती गुंफली जातात. अनेक पात्रांना समान वजन देणारी ही रचना मालिकालेखनाच्या सरावातून आलेली दिसते, पण उकलायला खून नाही, पकडायला गुन्हेगार नाही, आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या लेखकाने ही मोकळीक घेतली ती कादंबरीत.