एकोणचाळीस मिनिटं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने केली त्याने कॉम्प्युटरमध्ये विंडोज टाकून पाहिली नव्हती, एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं.

आमच्या अंबाजोगाईच्या घरात हा योग 2006 च्या उन्हाळ्यात आला. कॉम्प्युटर घेतला होता मुलाच्या अभ्यासासाठी. (सगळेच त्यासाठी घेतात.) प्रत्यक्षात मुलगा त्यावर मोटारी पळवायचा आणि रात्री मी आईच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायचो. आई सांगायची, मी एका बोटाने बडवायचो. अशा एकशे ऐंशी ओव्या जमल्या होत्या. पण पुढे पुढे यंत्र असं मंदावलं, की ते सुरू होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ लागल्या. शेवटी औरंगाबादला शिकणाऱ्या भाच्याने नाडी पाहून निदान केलं, "मामा, फॉरमॅट मारावा लागतोय."

'फॉरमॅट मारणे' हा खास आपला वाक्प्रचार. टाकतात ती विंडोज आणि मारतात तो फॉरमॅट. माणसं जुनं घर पाडतात तशातलाच हा प्रकार, फक्त इथे धूळ उडत नाही, म्हणून काय पडलं ते लगेच कळत नाही.

त्याचं असं आहे, की कॉम्प्युटर हा जन्मतः निरक्षर प्राणी. वीज दिली की त्याला एवढंच समजतं, की आपली अक्कल कुठल्यातरी चकतीवर ठेवलेली आहे आणि ती आधी वाचायला हवी. 1981 साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तेव्हा ही अक्कल 160 किलोबाइटच्या एका फ्लॉपीत मावत होती. तीही मायक्रोसॉफ्टच्या घरची नव्हे. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या दुकानात टिम पॅटरसन या गृहस्थांनी ती लिहिली होती आणि तिचं पाळण्यातलं नाव होतं 'क्यू-डॉस'. मराठीत सांगायचं तर 'घाईगर्दीत उरकलेली'. पन्नास हजार डॉलरला तिचे सगळे हक्क विकत घेऊन मायक्रोसॉफ्टने पुढे जो संसार थाटला, तो आपण पाहतोच आहोत. अक्कल वाढली तशा फ्लॉप्या वाढल्या. विंडोज 95 फ्लॉपीवर घेणाऱ्याला तेरा फ्लॉप्या एकामागून एक भरवाव्या लागत, आणि बारावी खराब निघाली की पहिल्या अकरांचं पुण्य वाया. मग सीडी आली. गाण्यांसाठी 1982 साली बाजारात उतरलेल्या या चकतीत साडेचारशे फ्लॉप्यांचा ऐवज मावू लागला.

भाच्याने आणलेली सीडी मात्र कंपनीची चकचकीत नव्हती. तिच्यावर स्केचपेनने 'एक्सपी' एवढंच लिहिलेलं होतं आणि पाकिटावर पंचवीस अक्षरांचा नंबर. त्यात स्वर एकही नव्हता. नुसती व्यंजनं आणि आकडे, आणि त्यांतही बी कुठला नि आठ कुठला हे ओळखताना माझा चष्मा दोनदा पुसून झाला. हाच नंबर गावात आणखी किती कॉम्प्युटरांना लागला होता कोण जाणे. एकाच सातबाऱ्यावर अख्खं गाव शेती कसत होतं.

"मामा, सीमध्ये कामाचं काही आहे का? सी पूर्ण पुसून जाईल."

"छे! ओव्या तर डेस्कटॉपवर आहेत."

मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की पोराने पुन्हा विचारलं नाही. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग, एवढं इंग्रजी मला येत होतं. त्या टेबलाचे चारही पाय सीमध्येच रोवलेले असतात, हे कोणी सांगितलं नव्हतं.

एक्सपीच्या सीडीची एक गंमत आहे. ती सुरुवातीला 'कोणतंही बटण दाबा' म्हणते तेव्हा दाबायचं. नंतर यंत्र एकदा बंद होऊन चालू होतं आणि ती पुन्हा तेच म्हणते, तेव्हा अजिबात दाबायचं नाही. दाबलं की सगळं पहिल्यापासून. सासरच्या आग्रहासारखं आहे हे. पहिल्या वेळी मान द्यायचा, दुसऱ्या वेळी हात आडवा धरायचा. त्यानंतर पडद्यावर येतं, 'अंदाजे 39 मिनिटं'.

एकोणचाळीस मिनिटं सलग वीज! आमच्या जिल्ह्यात परळीचं थर्मल. पहिला संच 1971 चा, 2006 साली एकूण क्षमता 690 मेगावॅट. आमच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर वीज तयार व्हायची, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक आमच्या फ्रीजवर चिकटवलेलं असायचं. (पुढे 2013 साली पाणी आटलं म्हणून ते थर्मलच बंद ठेवावं लागलं. पण तो वेगळा लेख आहे.) वेळापत्रकाप्रमाणे सव्वादोन तास हातात होते. एकतीस मिनिटं उरली असताना लाईट गेली. यूपीएस दहा मिनिटं कुईकुई करून गतप्राण झाला. रात्री पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तो बिनस्वराचा नंबर. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उगवलं तेव्हा साडेअकरा वाजले होते.

टेकडी हिरवीगार होती, पण डेस्कटॉपवर कचऱ्याच्या डब्याशिवाय काही नव्हतं.

मार्चपर्यंतच्या एकशे दहा ओव्या एका फ्लॉपीत होत्या. ती घातली, तर आईच्या ओव्यांऐवजी कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची मिसळ. तेव्हाचे आपले बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवत. मुखवटाही सीमध्येच होता, तो गेला आणि खाली 'क'च्या जागी भलतंच कुणी बसलेलं दिसलं.

"युनिकोड टाकू," भाचा म्हणाला, "मराठी सीडीतच असते."

असायची खरी. पण मागितल्याशिवाय मिळायची नाही. एका खिडकीत जाऊन खूण करायची, की पुन्हा सीडी मागितली जायची. त्या चौकटीपुढे लिहिलेलं होतं, 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा', आणि कंसात 'थाईसह'. थाईचा नावानिशी उल्लेख, मराठीचा पत्ता नाही! मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे, तिथे आम्ही रात्री बारा वाजता थाईच्या ओळखीने मराठीला आत घेतलं.

फ्लॉपीतल्या ओव्या मात्र त्यानेही वाचता येईनात. जुना फॉन्ट मिळायला आठ दिवस गेले. उरलेल्या सत्तर गेल्या त्या गेल्याच. आईला सांगायला मी दोन दिवस लावले. ती म्हणाली, "अरे, मग पुन्हा लिही की. मी कुठं जायलेय?" पुन्हा सांगताना निम्म्या ओव्या वेगळ्या निघाल्या. आधीची कशी होती ते तिलाही आठवेना आणि मलाही. त्या वेळी मात्र मी आधी वहीत उतरवल्या, कंदिलाच्या उजेडात, आणि मग डीमध्ये ठेवल्या.

तीन वर्षांनी भाचा नवी सीडी घेऊन आला, तेव्हा आई खुर्ची ओढून यंत्रासमोर बसली. चहासुद्धा तिथेच मागवला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण डीचं अक्षर तिने माझ्याकडून गिरवून घेतलं होतं.

"तुझं काय ते पूस," ती नातवाला म्हणाली, "पण ह्या पोटुशा अक्षराला हात लावायचा नाही."